‘संभाव्य’ या विशेषणाचा भार : त्वचारोगांवरील कॅनाबिनॉइड-लेखनाची भाषा

वैद्यकातील शोधनिबंधांची परीक्षा वैद्यकाच्या जाणकारांनीच करावी असा संकेत आहे, आणि प्रयोगशाळेतील मोजमापांपुरता तो योग्यही आहे. परंतु मोजमाप संपून विधान सुरू झाले की निबंध भाषेच्या क्षेत्रात येतो. कोणत्या संज्ञेखाली कोणती द्रव्ये एकत्र आणली, वाक्याचा कर्ता कोणाला केले, विशेषणाने नामावर किती भार टाकला, हे प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकाला परके नाहीत. भांगेच्या वनस्पतीतील किंवा तिच्या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये मलमाच्या रूपाने लावली असता इसब, सोरायसिस, तारुण्यपीटिका आणि दीर्घकाळ टिकणारी कंड यांवर उपाय होईल काय, या विषयावर गेल्या वीस वर्षांत जे लेखन झाले आहे, ते या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. हे लेखन आता नियतकालिकांच्या पानांत राहिलेले नाही. ते मलमाच्या डब्यांवर उतरले आहे, मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक स्तंभांत आले आहे, आणि अंगावरच्या चट्ट्यांनी वर्षानुवर्षे गांजलेला माणूस ते वाचून डॉक्टरांनी दिलेले मलम बंद करण्याचा विचार करू शकतो.

या वाङ्मयाचे आवडते विशेषण ‘पोटेन्शियल’ हे आहे. निबंधांच्या शीर्षकांत आणि समारोपांत ते इतक्या वेळा येते की वाचकाचे लक्ष त्यावरून घसरून जाते. मूळ लॅटिन शब्दात शक्तीचा अर्थ आहे. जे अंगी आहे पण अद्याप घडलेले नाही, ते या विशेषणाने दाखविले जाते. मराठीत त्याचे भाषांतर बहुधा ‘संभाव्य’ असे केले जाते, आणि येथे अर्थ नकळत सरकतो. ‘शक्य’ आणि ‘संभाव्य’ हे मराठीत पर्यायशब्द नव्हेत. नदीला पूर येणे केव्हाही शक्य असते. पण ‘संभाव्य पूर’ म्हटले की लोक सामान हलवू लागतात. ‘संभाव्य उमेदवार’ म्हणजे ज्याचे नाव घेतले जात आहे तो, निवडणुकीला उभा राहू शकणारा कोणीही नागरिक नव्हे. शाळेच्या गणितात तर ‘संभाव्यता’ ही अंकांनी मोजावयाची राशी आहे. म्हणजे इंग्रजी निबंध जे विधान ‘असे होऊ शकेल’ एवढ्यावर ठेवतो, तेच मराठीत येताना ‘असे होण्याचा रंग दिसतो’ या पायरीवर चढते. भाषांतरकाराने काहीही वाढविलेले नसते. वाढविले ते शब्दाने.

हे विशेष खटकण्याचे कारण असे की, रोगाच्या अवस्था सांगण्याच्या बाबतीत मराठी बोली मुळीच दरिद्री नाही. कंड ‘शमते’, इसब ‘दबतो’, चट्ट्यांना ‘उतार पडतो’, औषधाचा ‘गुण येतो’, आणि या सर्वांच्या पलीकडे माणूस ‘बरा होतो’. इसब दबला म्हणणारी बाई इसब गेला असे कधी म्हणत नाही. दबलेला पुन्हा उठतो हे तिला ठाऊक असते. ‘उपचार’ या एका तत्सम शब्दात या सगळ्या पायऱ्या बुजून जातात. रोगांच्या नावांची स्थिती याहून बिकट आहे. ‘विचर्चिका’ हा शब्द आज कोणी इसबासाठी वापरतो, तर कोणी सोरायसिससाठी. हे दोन रोग कारणाने, रूपाने आणि चिकित्सेने भिन्न आहेत. अशा परिस्थितीत ‘विचर्चिकेवर संभाव्य उपचार’ या तीन शब्दांतून नेमके काय सांगितले गेले, ते सांगणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

या लेखनातील खरी अडचण मात्र विशेषणात नसून नामात आहे, आणि ते नाम ‘कॅनाबिनॉइड’ होय.

या संज्ञेचा इतिहास लहान पण बोधक आहे. भांगेतील कॅनाबिडिऑल, ज्याला आज संक्षेपाने सीबीडी म्हणतात, ते रॉजर अॅडम्स यांनी १९४० साली वेगळे केले. त्याची रचना रफाएल मेशुलम आणि शवो यांनी १९६३ मध्ये निश्चित केली. पुढच्याच वर्षी गाओनी व मेशुलम यांनी नशा आणणारे द्रव्य, म्हणजे टीएचसी, शुद्ध रूपात मिळविले. त्या काळी ‘कॅनाबिनॉइड’ म्हणजे एकवीस कार्बन-अणूंचा सांगाडा असलेली, या वनस्पतीची खास अशी संयुगे आणि त्यांची जवळची रूपांतरे, अशी व्याख्या होती. व्याख्येचा आधार वनस्पती हा होता. १९९० साली टीएचसी ज्यावर जाऊन बसते तो पेशींवरील ग्राही रेणू ओळखला गेला, १९९३ मध्ये दुसरा सापडला, आणि व्याख्येचा पाया हलला. त्या ग्राहींवर बसेल ते कॅनाबिनॉइड, मग ते झाडात असो, शरीरात असो की काचेच्या चंबूत बनविलेले असो, असा नवा अर्थ रूढ झाला. शरीरात आपोआप तयार होणारे असे पहिले द्रव्य १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव देण्यात आले. संस्कृत ‘आनंद’ या शब्दाला रसायनशास्त्राचा प्रत्यय लागण्याचा हा प्रसंग भाषाभ्यासकाला सुखविणारा आहे यात शंका नाही.

नवी व्याख्या आली, पण जुनी गेली नाही. दोन्ही एकाच शब्दात नांदू लागल्या, आणि त्यांची क्षेत्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. वनस्पतीच्या व्याख्येने सीबीडी आत येते व आनंदामाइड बाहेर पडते. ग्राहींच्या व्याख्येने आनंदामाइड आत येते. पण सीबीडीची या दोन ग्राहींवर बसण्याची ओढ फार क्षीण असल्यामुळे, ज्या द्रव्याच्या नावावर आजचा सारा बाजार उभा आहे तेच उंबरठ्यावर अडखळते. पामिटॉइलइथॅनोलामाइड (संक्षेपाने पीईए) नावाच्या स्निग्ध द्रव्याची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. ते १९५७ साली अंड्याचा बलक, सोयाबीन आणि भुईमूग यांतून मिळविले गेले आणि दाह कमी करण्याचा त्याचा गुण तेव्हाच नोंदला गेला. ते भांगेतले विशेष द्रव्य नाही आणि दोन्ही ग्राहींवर ते नीट बसतही नाही. म्हणजे कोणत्याही काटेकोर व्याख्येने ते कॅनाबिनॉइड ठरत नाही. आनंदामाइडशी असलेले रासायनिक नाते आणि त्याच्या क्रियेला मिळणारी अप्रत्यक्ष मदत, एवढ्या सोयरिकीवर ते या कुळात वावरते. असे असूनही त्वचेवर लावावयाच्या ‘कॅनाबिनॉइडां’चा माणसांवरील जो जुना पुरावा वारंवार पुढे केला जातो, त्याचा मोठा भाग याच द्रव्याचा आहे.

तो पुरावा जवळून पाहावा. २००५ साली पोलंडमधील शेपिएटोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिसवर असलेल्या २१ रुग्णांच्या कंडेवर पीईए आणि त्याच जातीचे दुसरे एक द्रव्य असलेले मलम दिवसातून दोनदा, तीन आठवडे लावून पाहिले. आठ जणांची कंड पूर्ण थांबली. २००६ साली जर्मनीत श्टेंडर, राइनहार्ट व लुगर यांनी २२ रुग्णांना पीईएचे मलम दिले. त्यांपैकी १४ जणांना चांगला गुण आला, आणि कंड सरासरी ८६.४ टक्क्यांनी कमी झाली असे निबंधाचा सारांश सांगतो. हे दोन आकडे पाठोपाठच्या दोन वाक्यांत येतात. पहिल्या वाक्यात रुग्ण आहेत. दुसऱ्यात फक्त सरासरी आहे. गुण न आलेले आठ जण या दोन पूर्णविरामांच्या मध्ये कोठेतरी हरवतात, आणि पुढच्या प्रत्येक संदर्भात ८६.४ हा आकडाच प्रवास करतो. २००८ च्या एका मोठ्या पाहणीत इसबाच्या २,४५६ रुग्णांनी पीईएयुक्त मलम वापरले व त्यांच्यात सुधारणा नोंदली गेली. संख्या मोठी आहे. पण या तिन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ते द्रव्य नसलेले मलम लावणारा दुसरा गट नव्हता. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेला कोणतेही स्निग्ध मलम नेमाने चोळले तरी कंड उतरते, हे कोणत्याही घरातल्या आजीला माहीत आहे. तेव्हा गुण पीईएचा की मलमाचा, हा प्रश्न अडीच हजार रुग्णांनीही सुटत नाही.

२००६ च्या निबंधाचे शीर्षक मात्र पीईएचे नाव घेत नाही. वर लावावयाचे ‘कॅनाबिनॉइड अॅगोनिस्ट’, म्हणजे ग्राहींना चेतविणारे द्रव्य, ही दीर्घ कंडेवरील ‘परिणामकारक नवी शक्यता’ होय, असे ते म्हणते. ‘परिणामकारक शक्यता’ हा शब्दप्रयोग थांबून पाहण्यासारखा आहे. परिणाम झालेला असेल तर शक्यता कशाला म्हणावयाचे? आणि शक्यता असेल तर ती परिणामकारक कशी? दोन शब्दांपैकी एक शास्त्राच्या विनयासाठी आणि दुसरा वाचकाच्या आशेसाठी ठेवलेला आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

संज्ञेच्या सैलपणाने किती दिशाभूल होऊ शकते ते तारुण्यपीटिकांच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. हंगेरीतील डेब्रेत्सेन येथील तामाश बीरो यांच्या गटाने २००८ मध्ये असे दाखविले की, शरीरातील कॅनाबिनॉइडे त्वचेच्या तैलग्रंथींच्या पेशींत स्निग्धांशाची निर्मिती वाढवितात. त्याच गटाने २०१४ मध्ये असे दाखविले की, सीबीडी ती निर्मिती कमी करते, इतकेच नव्हे तर आनंदामाइडने वाढविलेली निर्मितीही खाली आणते. दोन्ही निबंध काळजीपूर्वक लिहिलेले आहेत आणि दोन्हींत परस्परविरोध नाही. विरोध उत्पन्न होतो तो ‘कॅनाबिनॉइडांचा मुरमांवर उपयोग’ असे सामान्य विधान करणाऱ्या वाक्यात. कारण त्या वाक्याचा कर्ता एकाच वेळी तेल वाढविणारा आणि तेल घटविणारा असा दुहेरी आहे. ओघात हेही सांगावयास हवे की, २०१४ च्या प्रयोगांतील मुख्य पेशी एसझेड-९५ या संवर्धित वाणाच्या होत्या, आणि तो वाण मुळात एका सत्त्याऐंशी वर्षांच्या स्त्रीच्या चेहऱ्याच्या त्वचेपासून तयार केलेला आहे. प्रयोगशाळेच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. परंतु ‘सीबीडी त्वचेतील तेल कमी करते’ या वाक्यातील ‘त्वचा’ हा शब्द काचपात्रातल्या पेशी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा चेहरा, या दोहोंना एकाच दमात कवेत घेतो. त्या दोहोंमध्ये पाच टक्के सीबीडीचे मलम आणि ३६८ माणसे उभी राहिली तेव्हा काय झाले, तेही प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातील बोटॅनिक्स कंपनीच्या बारा आठवड्यांच्या परीक्षेचा निकाल २०१९ मध्ये आला, आणि दाहयुक्त मुरमांची संख्या घटविण्याच्या मुख्य निकषावर औषध उतरले नाही. कारण सीबीडी नसलेला नुसता आधार ज्यांनी लावला त्यांचीही मुरमे बरीच कमी झाली.

या ‘आधारा’ला इंग्रजीत ‘व्हेइकल’, म्हणजे वाहन, म्हणतात. वाहनाने प्रवासी पोहोचवावा आणि स्वतः काही करू नये, अशी या रूपकाची अपेक्षा आहे. त्वचेच्या बाबतीत ती खोटी ठरते. येथे वाहनच निम्मे काम करते, आणि कधी कधी बिघडवितेही. सुगंधासाठी घातलेली टर्पीन-वर्गातील द्रव्ये हवेने बदलून काही जणांच्या त्वचेला वावडी ठरतात. आयुर्वेदाच्या परंपरेने ‘जात्यादी तेल’, ‘मरिच्यादी तेल’ अशी नावे देताना तेलाला नामाचे स्थान दिले आणि वनस्पतींना विशेषणाचे. आजच्या व्यवहारात मात्र ‘सीबीडी लावले का?’ असे विचारतात. मलम व्याकरणातूनच गळून गेलेले असते.

परंपरेचा उल्लेख आला आहे तर तिच्या नावाने केले जाणारे दावेही पाहावेत. भारतात या वर्गातील पुष्कळ उत्पादने ‘विजया’ या नावाने विकली जातात, आणि ‘प्राचीन ग्रंथांनी गौरविलेली’ अशी पुस्ती त्यांना जोडलेली असते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भांगेचे गुण दिलेले आहेत हे खरे. ती कडू, उष्ण, तीक्ष्ण, पाचक, कफ हरण करणारी, पित्त वाढविणारी आहे. मोह, मद, अग्नी आणि वाचा यांची ती वृद्धी करते. वाचा वाढते हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य टिपून ठेवावे. पण त्या गुणवर्णनात त्वचेच्या रोगाचे नाव नाही. त्यातही गोम अशी की, ‘विजया’ हे त्याच ग्रंथात हरीतकीच्या सात जातींपैकी एकीचेही नाव आहे, आणि हिरडा कुष्ठादी रोगांवर सांगितलेला आहे. तेव्हा जुन्या वचनात विजया भेटली म्हणून ती भांगच, असे धरून चालणारा मनुष्य हिरड्याचे श्रेय भांगेला देऊन बसण्याचा धोका आहे. पाल्याचे पोटीस सुजेवर किंवा मूळव्याधीवर बांधण्याची लोकांतली चाल जुनी आहे, आणि ती जशी होती तशी नोंदली तर कोणाचा आक्षेप असणार नाही. पोटीस म्हणजे सोरायसिसची चिकित्सा नव्हे, इतकेच.

नावांचा हा घोळ कायद्याने एका परीने सोडविला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय अधिनियमाने चरस आणि गांजा यांची व्याख्या वनस्पतीच्या भागांवरून केली. फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर पाने व बिया त्या व्याख्येबाहेर ठेवल्या. ‘भांग, गांजा, चरस’ ही देशी त्रयी मुळातच पाला, फुलोरा आणि राळ असा भेद करणारी आहे, आणि ‘कॅनाबिस’ या एकेरी शब्दापेक्षा ती अधिक नेमकी आहे. पुढे २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या वनस्पतीचे बी व त्याचे तेल यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियांच्या तेलात कॅनाबिनॉइडे जवळजवळ नसतात. ते एक चांगले स्निग्ध तेल आहे आणि कोरड्या त्वचेला त्याने बरे वाटले तर नवल नाही. परंतु डब्यावर पंचकोनी पानाचे चित्र आणि ‘हेम्प’ हा शब्द असला की घेणाऱ्याच्या मनात सीबीडीचे निबंध जागे होतात. नावावरूनच जायचे तर आपल्या अंबाडीचे शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ असे आहे आणि इंग्रजांनी तिला ‘डेक्कन हेम्प’ म्हटले होते. म्हणून अंबाडीच्या भाजीत कोणी औषध शोधीत नाही.

आणि डब्यावर लिहिलेलेच डब्यात असते असेही नाही. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत वर लावावयाची १०५ उत्पादने पाहण्यात आली. ज्या ८९ उत्पादनांवर सीबीडीचे प्रमाण छापलेले होते, त्यांपैकी २१ उत्पादनांतच ते लेबलाशी जुळले. ५२ मध्ये ते जास्त आणि १६ मध्ये कमी होते. एकूण ३७ उत्पादनांत टीएचसी सापडले. ज्या वाचकाने प्रयोगातील मात्रा आणि डब्यावरची मात्रा यांचे गणित मांडले असेल, त्याच्या हाती यानंतर काय उरते?

एवढ्यावरून हा विषयच फोल आहे असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. त्वचेच्या मज्जातंतूंत, दाह उत्पन्न करणाऱ्या पेशींत आणि बाह्यत्वचेच्या पेशींत हे ग्राही आहेत. कारझाक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले की, ज्या उंदरांत हे ग्राही नाहीत त्यांच्यात स्पर्शजन्य दाह अधिक तीव्र होतो आणि वरून लावलेल्या टीएचसीने सामान्य उंदरांतील दाह उतरतो. त्याच वर्षी विल्किन्सन व विल्यमसन यांनी, सोरायसिसमध्ये बेसुमार वाढणाऱ्या जातीच्या पेशींची वाढ या द्रव्यांनी रोखली जाते असे काचपात्रात पाहिले. शरीराची एक स्वतंत्र व्यवस्था येथे काम करीत आहे हे निश्चित. तिला ‘क(ट)ॅनाबिनॉइड’ असे कोटीयुक्त नाव देण्याचा मोह २०१९ च्या एका परामर्शलेखाच्या लेखकांना आवरला नाही. त्वचावाचक ‘कटेनियस’ हा शब्द कंसात दडवून साधलेली ही कोटी चतुर आहे. पण जी कोटी दोन गोष्टींना एका शब्दात कोंबते ती त्या दोन गोष्टी सिद्ध झालेल्या असाव्यात अशी अपेक्षा उत्पन्न करते, हेही विसरता येत नाही. २०१७ साली अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आलेल्या मौनेसा आणि सहकाऱ्यांच्या परामर्शाने बहुतेक पुरावा प्राण्यांवरचा किंवा पेशींवरचा आहे हे मोकळेपणाने सांगितले होते. ते वाक्य त्या लेखातच राहिले. वृत्तपत्रांनी उचलली ती पुढची आशा. येथे दोष मूळ लेखकांचा कमी आणि अवतरण घेणाऱ्यांचा अधिक आहे.

डायलिसिसवरच्या रुग्णाला रात्ररात्र झोपू न देणारी कंड ही किरकोळ गोष्ट नव्हे. एकविसांपैकी आठ जणांना झोप लागली असेल तर ते मलम, त्यातील कोणत्याही घटकामुळे का होईना, मोलाचे आहे. म्हणूनच त्याविषयी मराठीत लिहिणाऱ्याने बोलीतल्या पायऱ्या हाताशी घ्याव्यात. २००६ च्या त्या जर्मन निबंधाचा आशय मराठीत असा मांडता येईल : ‘पीईए हे, अंड्याच्या बलकातही सापडणारे, एक स्निग्ध द्रव्य घातलेले मलम कंडेने त्रस्त असलेल्या बावीस जणांनी लावले, चौदांची कंड बरीच शमली, आठांना म्हणावा तसा गुण आला नाही, तेच मलम त्या द्रव्यावाचून लावून पाहिलेले नाही.’ या वाक्यात ‘उपचार’ आलेला नाही, ‘संभाव्य’ही नाही, आणि भांगेचा तर उल्लेख करण्याची वेळच येत नाही.